काकूंच्या खुर्चीवरचे ठिपके

धूळ समजून मी एका बाईच्या सुयांच्या खुणा पुसून टाकल्या, आणि वर ‘चित्र कसं लख्ख झालं बघा’ म्हणून शाबासकीही मिळवली. शाबासकी दिली ती त्या बाईच्या नवऱ्यानेच. त्यांनी त्या वेळी चष्मा लावलेला नव्हता, आणि तो शोधून द्यायच्या भानगडीत मीही पडलो नाही. आपलं कौतुक चाललेलं असताना समोरच्याला नीट दिसलं पाहिजे असा आग्रह कोण धरतो?

हे गृहस्थ म्हणजे माझे घरमालक. तळमजल्यावर त्यांचं खुर्च्या आणि सोफे दुरुस्त करायचं दुकान, वरच्या मजल्यावर माझी खोली. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना कुशनकाका म्हणतात. खोली बघायला गेलो तेव्हा मी जरा ऐटीत सांगितलं की माझं कॉम्प्युटरवर डिझाइनचं काम असतं. पगार किती, एकटा राहणार का, मित्र येतात का, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “बसणार कशावर?” मी म्हटलं, प्लॅस्टिकची खुर्ची आहे. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जमिनीवर झोपून भिंतीवर लिहितो. दुसऱ्या दिवशी दुकानातली एक जुनी गादीची खुर्ची माझ्या खोलीत आली आणि त्या दिवसापासून माझं नाव ‘भाडेकरू’ पडलं. खरं नाव त्यांनी एकदा विचारलं होतं, पण ते बहुधा हातोडीच्या आवाजात गेलं.

माणसापेक्षा त्याच्या खुर्चीवर त्यांचा जास्त विश्वास. कोणी खुर्ची आणून टाकली की ते आधी तिच्याभोवती एक फेरी मारत, बैठकीवर तळवा दाबून बघत आणि मग मालकाविषयी एक निकाल देत. हा डाव्या कुशीवर रेलतो, याला घरात कोणी बोलू देत नाही. निकाल पुष्कळदा चुकायचा. एका मास्तरांना त्यांनी आळशी ठरवलं होतं. ती खुर्ची मास्तरांनी आदल्याच आठवड्यात जुन्या बाजारातून आणली होती हे पुढे कळलं, तेव्हा काका म्हणाले, “मग विकणारा आळशी होता. खुर्ची खोटं बोलत नाही.”

आणि प्रत्येक खुर्ची उसवण्याआधी ते तिचं चित्र काढत.

ही त्यांना काम शिकवणाऱ्या उस्तादांनी लावलेली सवय. एकदा का जुनं कापड टराटरा ओढून काढलं की हातात नुसत्या चिंध्या राहतात. चुण्या कुठून सुरू झाल्या होत्या, कडेची गोट कुठे वळली होती, पाठीची गुंडी किती खोल होती, काही लक्षात राहत नाही. म्हणून आधी चित्र. सुरुवातीला पेन्सिलच्या चार रेघा असायच्या. पुढे काकांना त्याची गोडी लागली आणि रंग आले. कापडाच्या नमुन्यांची जी जाडजूड पुस्तकं कंपन्या दुकानांना देतात, त्यांचे मागचे पुठ्ठे चांगले गुळगुळीत पांढरे असतात. त्यावर ते पाण्याच्या रंगांनी खुर्ची रंगवायचे. काम पूर्ण होऊन खुर्ची गेली की ओल्या स्पंजने पुठ्ठा पुसून पुन्हा कोरा. एखादी खुर्ची फारच आवडली तर तेवढा पुठ्ठा न पुसता मागच्या तारेवर चिमट्याने टांगून ठेवायचे. मी राहायला आलो तेव्हा त्या तारेवर खुर्च्यांची अशी रांग लागलेली होती की एखाद्या दवाखान्यात सगळ्या पेशंटांना एकदम आत बोलावलंय आणि खुर्च्या तेवढ्या बाहेर राहिल्यात.

ती चित्रं पाहून माझ्या डोक्यात पोस्टरचा किडा शिरला.

या धंद्यात दुकान नसतं, माल नसतो, गोदाम नसतं. आपण चित्राची फाईल तयार करून एका वेबसाइटवर ठेवायची. कुठल्या तरी शहरातल्या कुणाला तरी ती आवडली की तो पैसे भरतो, मग दुसऱ्याच कुठल्या तरी शहरातला छापखाना तेवढी एकच प्रत छापतो, नळीत गुंडाळतो आणि त्याच्या घरी पाठवतो. आपण दोघांनाही कधी पाहत नाही. सगळी करामत फाईलची. ती एवढी मोठी लागते की भिंतीएवढी छापली तरी फुटू नये. लांबट, चौकोनी, अशी वेगवेगळी मापं करून ठेवावी लागतात. छापखान्याची सुरी इकडची तिकडे झाली तर खुर्चीचा पाय जाऊ नये म्हणून चारही बाजूंना थोडा रंग जास्तीचा सोडावा लागतो. आणि शेवटी साफसफाई. स्कॅनरच्या काचेवरची धूळ, पुठ्ठ्यावरचे ओरखडे, बोटांचे डाग, हे सगळं टिपून टिपून काढायचं. पोस्टर घेणाऱ्याला ठिपका दिसला की तो तक्रार करतो, म्हणून मी या कामात फार कडक होतो. माझा स्कॅनर पुठ्ठ्यापेक्षा लहान, त्यामुळे प्रत्येक चित्र दोन तुकड्यांत घेऊन जोडायला लागे. फायली अवाढव्य होत आणि माझा कॉम्प्युटर दम्याच्या रुग्णासारखा धापा टाके. तेव्हा मी एक शहाणपण केलं. साफ केलेली फाईल जुन्या स्कॅनवरच चढवत गेलो. मळकट प्रत कशाला सांभाळायची?

काकांना मी हे सगळं समजावून सांगितलं होतं. त्यांना पटलं ते एवढंच की चित्र आता हरवणार नाही. “नक्की ना?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “काका, पुठ्ठ्याला वाळवी लागेल, फाईलला नाही लागत. तुमची खुर्ची आता अमर झाली.” हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनतीनदा वापरलं.

पोस्टर विकली जायला लागली. फार नाही, पण काकांच्या चालीत फरक पडावा इतकी. गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना ते मधेच ‘आमच्या खुर्च्या हल्ली परदेशात भिंतीवर बसतात’ असं टाकून द्यायला लागले. मी म्हटलं, आणखी काढा, मागणी आहे. पुठ्ठे मात्र संपत आले होते. नमुन्यांची पुस्तकं कंपन्यांनी बंद करून मोबाइलवर चित्रं पाठवायला सुरुवात केली होती. विकतचा कागद काकांना मानवेना, म्हणे रंग पितो. मग त्यांनी तारेवरचे जुने पुठ्ठे एकेक करून उतरवले आणि स्पंजने पुसले. अमर झालेल्या खुर्च्यांचं पुठ्ठ्यावर काय काम? मी जिन्यावरून उतरताना त्यांना पुसताना पाहत होतो. माझ्या मनात आलं ते एवढंच, की म्हातारा चिकट आहे, पण हाताला सफाई आहे.

त्या तारेवर काकूंची खुर्ची होती.

काकूंना मी पाहिलेलं नाही. मी यायच्या आधीच त्या गेल्या. त्यांच्याविषयी मला जे माहीत आहे ते काकांच्या तक्रारींमधून. मशीनवरची शिलाई काकांची आणि हातशिलाई काकूंची, अशी त्या दुकानाची वाटणी होती. दाराजवळ, उजेडाच्या बाजूला, गडद हिरव्या कापडाची एक हातांची खुर्ची होती. काकू तिच्यात बसून कव्हरांच्या कडा शिवत. मधे दोरा ओवायचा झाला, कोणी हाक मारली, फोन वाजला, की हातातली सुई खुर्चीच्या हातावर टोचून ठेवत. काकांनी त्यांना सुया टोचायला कापसाची छोटी उशी करून दिली होती. लाल मखमलीची, गोट लावलेली. काकूंनी ती जपून कपाटात ठेवली आणि सुया खुर्चीलाच टोचत राहिल्या. वर्षानुवर्षं टोचून त्या जागेची चाळण झाली. हिरव्या कापडातून आतलं पांढरं अस्तर ठिपक्याठिपक्यांनी डोकावायला लागलं. दुरुस्तीच्या दुकानात दर्शनी खुर्चीच अशी, गिऱ्हाईक काय म्हणेल, यावरून त्या दोघांचं जन्मभर वाजलं. काका म्हणत, एक दिवस मला दे, नवी करून देतो. काकू म्हणत, आधी लोकांच्या करा.

एवढं जन्मभराचं भांडण त्या गेल्यावर काकांनी जिंकून टाकलं. दिवस फार उलटले नसतील, त्यांनी खुर्ची पुढे ओढली, नेमाप्रमाणे आधी चित्र काढलं आणि मग ती उसवली. नवी इतकी देखणी झाली की तिच्यात बसायला कोणाला धीर होईना. शेवटी मुलगी, म्हणजे आमची ताई, ती आपल्या घरी घेऊन गेली.

ताईने पोस्टर मागवलं ते याच चित्राचं. तिने घर बदललं होतं आणि खुर्चीच्या मागच्या भिंतीवर तिला जुनी खुर्ची हवी होती. तिने फोनवर सांगितलं की नव्या खुर्चीत आई बसलीच नव्हती, त्यामुळे घरात खुर्ची आहे पण आईची नाही. घरचंच काम, मी पाठवून देतो म्हटलं तरी ऐकलं नाही. पैसे आधी भरले, आणि पोस्टर दुकानावर मागवलं, कारण चौकट बाबांनीच करायची होती.

नळी आली तेव्हा काकांनी हात धुतले, चष्मा लावला, टेबलावरचा पसारा बाजूला सारला. पोस्टर उलगडून चार कोपऱ्यांवर चार हातोड्या ठेवल्या. मी बाजूला उभा होतो, छपाई चांगली आली होती, हिरवा रंग अगदी जसाच्या तसा उतरला होता. मी कौतुकाची वाट बघत होतो.

“सुया कुठायत?” काका म्हणाले.

मी टेबलाखालची सुयांची डबी उचलून पुढे केली. त्यांनी ती घेतली, बाजूला ठेवली आणि पोस्टरवरून बोट फिरवत राहिले. आधी खुर्चीच्या एका हातावरून, मग दुसऱ्यावरून. दोन्ही हात गुळगुळीत होते. तेव्हा मला ते ठिपके आठवले. हिरव्यावर पांढरे, बारीक, एकाच जागी दाटलेले. पुठ्ठा कोरा सोडून त्यांनी ते काढले होते आणि मी मनात म्हटलं होतं, काय ही काच, कितीही पुसली तरी धूळ. टिपून टिपून काढायला मला अख्खी दुपार लागली होती. तेवढ्या मेहनतीने मी त्या फाईलमध्ये दुसरं काहीच केलं नव्हतं.

मी वर धावत गेलो. जुना स्कॅन नव्हता, असणारच नव्हता, त्याच्यावर मीच नवा चढवला होता. तरी मी कॉम्प्युटरचा कोपरान् कोपरा उपसला, कारण खाली जायला तोंड नव्हतं. शोधता शोधता बाकीच्या खुर्च्या उघडून बघितल्या. तो साफसफाईतला कडक मुलगा, म्हणजे मीच, सगळीकडे फिरून गेला होता. एकीच्या पाठीवर डोक्याच्या तेलाचा डाग असणार, तो नाही. एकीवर पोराने पेनने मारलेली रेघ होती हे मला आठवत होतं, तीही नाही. एका गिऱ्हाइकाने खाली लिहिलं होतं, ‘किती सुंदर, अगदी नवीकोरी खुर्ची!’ आणि मी त्याला हसरा चेहरा पाठवला होता.

खाली येऊन मी पुठ्ठ्याविषयी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, तरी विचारलं. काकांनी तारेकडे बोट दाखवलं. त्या पुठ्ठ्यावर आता कुणाची तरी वेताची आरामखुर्ची वाळत होती.

फोटो नव्हते का, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं. दुकानाचे फोटो होते, पण फोटो काढायचा म्हटला की काकू आधी खुर्चीच्या हातांवर धुतलेलं कापड टाकत. तेवढी लाज त्यांना होती. उसवलेलं कापड? ते फेकलं. फेकलं नसतं तर दुकानात मला उभं राहायला जागा राहिली असती का, असं काकांनी उलट विचारलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला धार आली. मला हायसं वाटलं. म्हटलं, आता शिव्या देतील. दिल्या नाहीत.

मग मीच उपाय काढला. त्यात काय एवढं, म्हटलं, ठिपके पुन्हा काढू. तुम्ही कुठे ते दाखवा, मी फाईलमध्ये बसवतो. किंवा तुम्ही नवं चित्र काढा, मी त्याला हातही लावत नाही. काकांना हे पटलं. त्यांनी एक पुठ्ठा घेतला आणि खुर्ची काढायला बसले. पाठ आली, बैठक आली, चुण्या आल्या. गोट कुठे वळते हेसुद्धा न अडखळता आलं. हिरवा रंग देत ते हातांपर्यंत पोचले आणि ब्रश वरच्या वर थांबला.

उजव्या हाताकडे गेला. परत आला. डाव्याकडे गेला. मग काकांनी ब्रश पाण्यात बुडवून ठेवला आणि उगीचच दोरे आवरायला घेतले.

बऱ्याच वेळाने म्हणाले, ताईला फोन लाव.

मी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. ठिपके गेल्याचं मीच तिला सांगितलं. ती म्हणाली, ठीक आहे, बाबा पुन्हा काढतील. काकांनी घसा खाकरून अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं की तुझ्या आईची सुई खुर्चीच्या कोणत्या हाताला असायची.

“डाव्या,” ताई म्हणाली.

“कसं शक्य आहे? ती उजव्या हाताने शिवायची. सुई उजव्या हातात, म्हणजे टोचणार उजवीकडेच.”

“उजवीकडे कात्री असायची, बाबा. मग सुई तिरकी डावीकडे.”

“कात्री मशीनवर असायची.”

“तुमची. तिची वेगळी होती.”

“तुला काय माहीत, तू शाळेत.”

“आणि तुमची पाठ. मशीन भिंतीकडे तोंड करून होतं ना?”

मी मधे उभा राहून एकदा फोनकडे आणि एकदा काकांकडे बघत होतो. दोघं हिरीरीने भांडत होते, दोघांकडे मुद्दे होते. उजेड कुठून यायचा, कव्हर मांडीवर कुठून घसरायचं, दोऱ्याचा डबा कुठे. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की आठवत दोघांनाही नाहीये. दोघंही हिशेब करून उत्तर काढताहेत, परीक्षेत पाठांतर विसरलेल्या पोरांसारखे. बहुधा त्यांच्याही ते लक्षात आलं, कारण दोघं एकदमच थांबले.

मग ताईने जपून विचारलं की खुर्ची तर तिच्याकडेच आहे, हातावरचं कापड थोडं उसवून बघू का, आत लाकडावर कुठे टोकं लागली असतील.

“काही सापडणार नाही,” काका म्हणाले. “आतल्या पट्ट्या बदलल्या, काथ्या बदलला, दोन्ही हात घासून घेतले. मी काय अर्धवट काम करतो...” आणि तिथे ते अडले. इतक्या अभिमानाने सुरू केलेलं वाक्य त्यांना पूर्ण करता येईना. फोनमधून ताईच्या घरातलं कुठलं तरी दार लागल्याचा आवाज आला.

“या हातावरून मी जन्मभर तिच्याशी भांडलो,” काका म्हणाले, “आणि कोणता हात ते मला सांगता येत नाही.”

मी फोन उचलून जिन्यात आलो आणि तिला म्हटलं, चूक माझी आहे. ती म्हणाली, तुझी आहेच, त्यात वाद नाही. पण तू पुसले नसतेस तर बाबांना आठवत नाही हे आम्हाला कळलं नसतं, आणि मला आठवत नाही हे मलाही. यात दिलासा होता की टोला, ते मी अजून ठरवलेलं नाही.

त्यानंतर काकांनी ती खुर्ची पुष्कळदा काढली. कधी ठिपके उजवीकडे, कधी डावीकडे. दोन्हीकडे अस्सल दिसतात, हीच पंचाईत. मी काच पुसून स्कॅन करतो, कुठलाही ठिपका काढत नाही, दोन प्रती ठेवतो, आणि काका चष्मा लावून बघतात आणि म्हणतात, नको, राहू दे. पुठ्ठा पुसायला घेतात. मी तो हातातून काढून घेतो. माझ्या पलंगाखाली आता पुठ्ठे जमले आहेत आणि काकांना नवीन कामासाठी पुठ्ठा मिळत नाही, त्यावरून आमचं वाजतं.

मधे ताईचा फोन आला. ती त्या खुर्चीत बसून मुद्दाम एक बटण शिवायला गेली होती, सुई कुठे जाते ते बघायला. डावीकडे गेली, म्हणाली. मी हे खाली जाऊन काकांना सांगितलं. ते खिळे तोंडात धरून काम करत होते. एकेक खिळा काढून पुरता ठोकून झाल्यावर म्हणाले, “ती माझ्यासारखी शिवते. आईसारखी नाही.” पण त्या दिवशी उजव्या हाताचं चित्र त्यांनी पुन्हा काढलं नाही. डाव्या हाताचंही नाही.

पोस्टरचे पैसे परत करतो म्हणून मी ताईला दोनदा सांगून पाहिलं. ती घेत नाही. पैसे नकोत, पोस्टर पाहिजे, म्हणते, घाई नाही, पण बुडवायचं नाही. आलेलं पोस्टर सदोष म्हणून मी तिची ऑर्डर पुन्हा छपाईला नोंदवली आहे, तेव्हापासून वेबसाइटवर तिच्या नावापुढे ‘फाईल बाकी’ असं येतं. ऑर्डर रद्द करायची का, असं ती वेबसाइट मला अधूनमधून विचारते. मी नाही म्हणतो. त्या घरचं एक पोस्टर मी अजून देणं लागतो.